हेलेना तेताच्या टेबलावरून उठायचं नाही

सिडनीतल्या पेंडल हिलच्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. ईस्टरच्या सोमवारची सुट्टी होती. अर्धी खोकी अजून बंदच होती आणि चहाची गाळणी कुठल्या खोक्यात गेली ते कोणालाच माहीत नसल्यामुळे मिलिंद, म्हणजे माझा नवरा, रुमालातून चहा गाळत होता. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं. दारात सत्तरी ओलांडलेली एक बाई उभी होती. पांढरा कडक इस्त्रीचा ब्लाउज, बाह्यांवर लाल भरतकाम, ओठांना ताजी लिपस्टिक आणि हातात काठोकाठ भरलेली बादली.

"मी हेलेना, शेजारची," ती म्हणाली. "घरात पुरुष आहे ना?"

आहे म्हटलं.

"मग त्याला बाहेर पाठव. मला भिजवून घ्यायचं आहे."

मी मिलिंदला हाक मारली ती बहुधा सुटकेसाठी. मग हेलेनाने, आमच्या पुढच्या तेताने, आमच्या पायरीवर उभं राहून, तिच्या ठोकळेबाज पण ठाम इंग्रजीत, सगळा खुलासा केला. तिच्या देशात, स्लोवाकियात, ईस्टरच्या सोमवारी पुरुष सकाळीच घरोघर जाऊन बायकांना पाण्याने भिजवतात. जी भिजते ती वर्षभर टवटवीत राहते. जिला कोणी भिजवत नाही ती सुकते. इतकी वर्षं हे काम तिचा नवरा श्टेफान करायचा. तो गेल्या हिवाळ्यात वारला. समोरच्या घरातला ग्रेग चांगला माणूस आहे, पण त्याला सांगितलं तर तो आधी तिच्या डोक्याची तपासणी करायला सांगेल. "तू इंडियन आहेस," ती मिलिंदला म्हणाली. "तुम्ही एकमेकांवर रंग उडवता ते मी टीव्हीवर बघितलंय. तुला समजेल."

मिलिंदला समजलं, पण तो पडला पुण्याचा सभ्य माणूस. वडीलधाऱ्या बाईच्या अंगावर बादली कशी ओतायची? त्याने बादलीत चार बोटं बुडवली आणि पूजेआधी सामग्रीवर शिंपडतात तसं, हलक्या हाताने, तिच्या खांद्यावर पाणी शिंपडलं. वर किंचित वाकून नमस्कारही केला.

तेताने स्वतःच्या खांद्यावरच्या थेंबांकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. "मी काय लेट्यूस आहे?"

त्या एका वाक्याने मिलिंदचे संस्कार वाहून गेले. त्याने बादली उचलली आणि सगळीच्या सगळी ओतली. समोर लॉन कापणारा ग्रेग मशीन बंद करून ओरडला, "यू राइट देअर, लव्ह?" केसांतून पाणी निथळत असताना तेता वळली आणि त्याला म्हणाली, "नाऊ आय ॲम!" मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं एक रंगवलेलं अंडं काढून तिने मिलिंदच्या हातात ठेवलं. भिजवणाऱ्याला ते द्यावंच लागतं. सकाळच्या त्या वेळेला आलुबुखाराच्या दारूचा एक छोटा ग्लासही घ्यावा लागतो, हे त्याला पाचच मिनिटांत कळलं.

तेता म्हणजे त्यांच्याकडे मावशी, आत्या, काकी सगळं काही. आमच्या लेकीने, सईने, पहिल्या दिवसापासून तिला तेता म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हीही. मावशीला कोणी अहो-जाहो करत नाही, म्हणून मीही इथे एकेरीतच लिहिते.

तेता शाळेच्या कँटीनमधून निवृत्त झाली होती आणि तिथला आवाज सोबत घेऊन आली होती. ती कधी हळू बोललेली मला आठवत नाही. चालायची ताठ, मान वर करून, आणि रस्त्यात कोणी विचारलं की "तुम्ही कुठल्या?" तर ती थांबायची. "स्लोवाकिया" म्हणून पुढे जाणं तिला जमायचंच नाही. समोरचा हमखास म्हणायचा, "ओह, स्लोव्हेनिया?" मग त्या माणसाची ट्रेन चुकायची. स्टेशनजवळच्या भारतीय दुकानांत तिला सगळे ओळखत. ती तिथे खसखस घ्यायला जायची आणि दरवेळी दुकानदाराशी वाद घालायची. आपली खसखस पांढरी, तिची निळसर काळी. "ही आजाऱ्याची खसखस," ती पाकीट आपटून म्हणायची. "हिच्यात रक्तच नाही." शेवटी त्या बिचाऱ्याने फक्त तिच्यासाठी काळी खसखस ठेवायला सुरुवात केली, तर ती विजयी चेहऱ्याने मला म्हणाली, "बघ, शिकला."

पण तेता नुसती हट्टी होती असं म्हटलं तर ते तिच्यावर अन्याय करणारं होईल. ती सण पाळायची ते विचार करून पाळायची. त्यांच्याकडे मोरेना नावाची एक गवताची बाई असते. हिवाळ्याची आणि मरणाची ती बाहुली. तिला जुने कपडे घालतात, गाणी म्हणत गावाबाहेर नेतात, पेटवतात आणि ओढ्यात बुडवतात. मग वसंत यायला मोकळा. हे सगळं तिकडे मार्चमध्ये होतं. सिडनीत मार्चमध्ये हिवाळा अजून यायचा असतो. इथल्या स्लोवाक मंडळातली जुनी माणसं मार्चमध्येच मोरेना बुडवायची, कारण आजोबा बुडवायचे. तेताने त्यांच्याशी भांडण काढलं. "जो हिवाळा आलाच नाही त्याला काय बुडवता? येणाऱ्या पाहुण्याला आधीच ढकलून देता का?" ती ऑगस्ट संपताना, कुंपणाबाहेरच्या वॅटलच्या झाडाला पिवळी फुलं आली की मोरेना करायची. मंडळातलं कोणी यायचं नाही. तिला पर्वा नव्हती. ओढ्यात काही टाकायला मनाई, म्हणून ती लोखंडी ढकलगाडीत मोरेना पेटवायची, ग्रेग बागेच्या नळाचा पाइप घेऊन दक्ष उभा राहायचा आणि जळकी बाहुली मग पाण्याच्या टबात जायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, ही तर आमची होळी. तेता म्हणाली, "शक्य आहे. चांगल्या गोष्टी सगळ्यांना सुचतात."

एक नियम मात्र तिने कधी हलवला नाही. तो टेबलाचा.

चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळला ते उदार संध्याकाळ म्हणतात. तेताचा सगळ्यात मोठा सण तो. आम्ही राहायला आलो त्या वर्षी मी त्या दिवशी सहज तिला शंकरपाळे द्यायला गेले, तर टेबलावर दोन प्लेटी मांडलेल्या. एक तिची. दुसरी कोणाची म्हणून विचारलं, तर म्हणाली, वाट चुकून येणाऱ्या पाहुण्याची. ती प्लेट दर वर्षी मांडायचीच असते. "आणि तू आलीस," ती म्हणाली. मी वाट चुकले नव्हते, शेजारून आले होते, पण तिने ऐकून घेतलं नाही. "नवऱ्याला आणि मुलीला बोलाव. आणि काही खाऊ नका. आज उपास आहे."

उपास म्हटल्यावर मी खूश झाले. साबुदाणा भिजवू का, असंही विचारून बसले. उपास म्हणजे न खाणं, हे तेताने मला जरा कठोरपणे समजावलं. जो दिवसभर काही खात नाही त्याला संध्याकाळी भिंतीवर सोन्याचं डुक्कर दिसतं म्हणे. आणि जेवायला बसायचं ते आकाशात पहिला तारा दिसल्यावर. तिच्या डोंगरातल्या गावात डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच अंधार पडत असेल. सिडनीत ऐन उन्हाळा, आठ वाजून गेले तरी लख्ख उजेड. आम्ही सगळे मागच्या अंगणात माना वर करून उभे. भुकेने कासावीस झालेला मिलिंद एकदम ओरडला, "तो बघ तारा!" तेताने डोळे बारीक करून बघितलं. "तुझ्या ताऱ्याला चाकं आहेत," ती म्हणाली. विमान एअरपोर्टकडे उतरून गेलं आणि आम्ही पुन्हा वाट बघत राहिलो.

पण मग काय ते टेबल! पांढरी चादर, मध्ये मेणबत्ती. बसल्याबरोबर तेताने बोट मधात बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर छोटा क्रॉस काढला, वर्षभर तोंडात गोडवा राहावा म्हणून. सईच्या कपाळावर मी औक्षणाला कुंकू लावते तसंच हुबेहूब. मग मध आणि कच्चा लसूण लावलेला पापडासारखा पातळ वेफर. मग आंबवलेल्या कोबीचं आणि सुक्या मशरूमचं सूप. त्या दिवशी मांस चालत नाही, मासा चालतो, तोही कार्पच, त्यांच्या मते माशांचा राजा. इथल्या नद्यांत कार्पने उच्छाद मांडलाय. ग्रेगसारखे लोक तो पकडून बागेत खत म्हणून पुरतात. तेताला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती ग्रेगच्या दारात जाऊन उभी राहिली होती. "राजाला पुरता तुम्ही! राजाला!" तेव्हापासून ग्रेग दर नाताळाला एक कार्प साफ करून बर्फात घालून आणून द्यायचा. त्याचा खवला पाकिटात ठेवला की बरकत राहते, म्हणून मिलिंदच्या पाकिटात अजून एक आहे. मी शाकाहारी, माझ्यासाठी बोबाल्की असायच्या. कणकेच्या भाजलेल्या गोळ्या, दूध, मध आणि वर ती रक्त असलेली काळी खसखस. मी त्या किती खायचे हे मी सांगणार नाही.

सगळं हाताच्या अंतरावर मांडलेलं. सुपाचं पातेलं तेताच्या खुर्चीशेजारी स्टुलावर, पाण्याचे जग, जास्तीचे चमचे, मीठ, सगळं. कारण एकदा बसल्यावर जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. यजमानीणसुद्धा नाही. जो उठेल तो पुढच्या वर्षी टेबलावर नसेल.

सईने विचारलं, "लाइक, नॉट इन्व्हायटेड?"

"नाही," तेता म्हणाली. "नसेल."

मला तेव्हा ती गंमत वाटली होती. गंमत नव्हती हे दुसऱ्या वर्षी कळलं. तेवीस डिसेंबरला मी तिच्याकडे खसखस दळायला गेले होते. टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट बसवलेलं तिचं लोखंडी यंत्र होतं. मी हँडल फिरवत होते, ती वरून खसखस टाकत होती. मी सहज विचारलं, "पेतर येणार नाही का?" पेतर तिचा एकुलता एक मुलगा, पर्थला असतो, एवढंच मला माहीत होतं.

तेताचा हात थांबला. मग तिने सगळं सांगितलं, नेहमीच्याच मोठ्या आवाजात. शेवटच्या नाताळाला श्टेफान आणि ती दोघंच टेबलावर होती. सूप चालू असताना फोन वाजला. पेतरचा असणार हे श्टेफानला माहीत होतं. पर्थची वेळ मागे, मुलाच्या लक्षात राहिलं नसेल की इथे जेवण सुरू झालंय. ती नको म्हणत असताना श्टेफान हसून उठला आणि फोन घेतला. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. "आणि मी पेतरला अंत्ययात्रेच्या दिवशी सांगितलं," ती म्हणाली, "तुझ्या फोनने त्याला उठवलं."

मी हँडल सोडून दिलं.

"तो परत पर्थला गेला. आता वाढदिवसाला फुलं पाठवतो. चोवीस तारखेला फोन करत नाही." तिने पुन्हा खसखस टाकायला सुरुवात केली. "फिरव. का थांबलीस?"

"तेता, त्याला फोन कर ना. सांग, रागाच्या भरात बोलले म्हणून."

"मी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "मी बोलले ते खरं मानून बोलले. अजून खरं मानते. मग माफी कशाची मागू?"

तेताचं हे असंच होतं. मनात नाही ती गोष्ट सोयीसाठी तोंडातून काढायची नाही, मग एकुलता मुलगा हातचा गेला तरी. मला त्या दिवशी तिचा राग आला होता, खरं सांगते. आणि राग येत असतानाच तिच्याबद्दल आदरही वाटत होता, त्याला माझा इलाज नव्हता.

मिलिंद वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये ब्लड बँकेच्या लॅबमध्ये काम करतो. चोवीस तारखेची ऑन-कॉल ड्यूटी तो दर वर्षी कोणाशी तरी बदलून घ्यायचा. चौथ्या वर्षी काही केल्या जमलं नाही. आम्ही तेताला सांगितलं नाही. ऑन-कॉल असला तरी फोन येतोच असं नाही, आणि दहा मिनिटांचा तर रस्ता, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. फोन सायलेंटवर टाकून मिलिंद टेबलावर बसला. तारा दिसला, मधाचे क्रॉस झाले, लसूण खाऊन झाला, सूप वाढलं गेलं. आणि त्याच्या खिशात घूं घूं सुरू झालं.

त्याने टेबलाखाली फोन बघितला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

"काय आहे?" तेताने विचारलं.

मिलिंदने खरं सांगितलं. बाळंतपणात एका बाईला खूप रक्तस्राव होतोय, रक्ताच्या पिशव्या भराभर जुळवून द्यायला लागताहेत, लॅबमध्ये हात कमी पडताहेत. हे सांगताना तो उठला मात्र नाही. चमचा हातात तसाच धरून बसून राहिला. मिलिंदचा शकुन-अपशकुनावर काडीचा विश्वास नाही. पण तेताचा आहे, आणि तेतावर त्याचा जीव होता. सई म्हणाली, "डॅड, जस्ट गो!" तरी तो तेताकडेच बघत होता.

तेताने नॅपकिन टेबलावर ठेवला, दोन्ही हात टेकले आणि ती उठली.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ती ताठ उभी राहिली, आमच्या एकेकाकडे बघितलं. "आधी मी उठले," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं ना? पहिली मी. जे काय आहे ते माझ्याकडे. आता तू जा." मिलिंद उठेपर्यंत ती दारापर्यंत पोचली होती, त्याचे बूट हातात घेऊन. फाटकही तिनेच उघडलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती आत आली, खुर्ची पुढे ओढून बसली आणि मला म्हणाली, "सूप गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद आधी तिच्या दारात गेला आणि मग घरी आला. नाव-गाव काही न सांगता त्याने एवढंच सांगितलं की आई ठीक आहे आणि बाळही. त्यानंतर तेताचा रुबाब बघावा! स्टेशनजवळच्या खसखसवाल्यापासून ग्रेगपर्यंत सगळ्यांना तिने ऐकवलं, "माझ्या टेबलावरून उठून गेला आणि बाई वाचली. माझ्या टेबलावरून!"

मीच न राहवून तिला विचारलं, "तेता, तुला भीती नाही वाटत?"

"कसली भीती? आता मोजून बघता येईल," ती म्हणाली. मला काही कळलं नाही. मग तिने समजावून सांगितलं. पुढच्या नाताळाला ती टेबलावर नसली, तर नियम खरा, आणि ती पेतरला बोलली तेही खरं. पण ती असली, तर नियम खोटा. मग श्टेफान फोनमुळे गेला नाही. मग तिने मुलावर खोटा आळ घेतला, आणि मग माफी मागायलाच हवी. "तेव्हा मी मागेन," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर, टेबलावर बसून."

म्हणजे मुलाला निर्दोष ठरवण्यासाठी तिला फक्त एक वर्ष जगून दाखवायचं होतं. आणि तेताने ते काम अंगावर घेतलं. आतापर्यंत शिडीवर चढून स्वतः पन्हळी साफ करणारी तेता आता खाली उभी राहून ग्रेगला सूचना देऊ लागली. डुकराची चरबी बंद झाली. सिग्नल हिरवा होऊनही दोन्हीकडे बघितल्याशिवाय ती रस्ता ओलांडेना. फ्लूची लस टोचून घ्यायला ती सगळ्यांत आधी. मंडळातल्या कोणी म्हणालं, हेलेना म्हातारपणी मरणाला घाबरायला लागली. मी ते तिला सांगितलं तर ती खदखदून हसली. "घाबरत नाही. मला हजर राहायचंय."

ऑगस्टमध्ये तिची छाती पाण्याने भरली आणि तिला वेस्टमीडला ॲडमिट केलं. हृदय थकलंय म्हणाले. तरुण डॉक्टरला तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "चोवीस डिसेंबरला माझं जेवण आहे." त्याला वाटलं, कुठल्या तरी हॉटेलात टेबल बुक केलंय. तो म्हणाला, "वी कॅन सी क्लोजर टु द डेट." तेता म्हणाली, "तू बघ. मी तर तिथे असणारच." वॅटल फुलला होता, मोरेना राहिली होती. ती आम्ही केली. माझा जुना पंजाबी ड्रेस घातलेली मोरेना आमच्या अंगणात ढकलगाडीत पेटली, ग्रेग पाइप घेऊन उभा राहिला आणि मिलिंदने हॉस्पिटलमधून तेताला व्हिडिओवर घेतलं. तिच्या वॉर्डमधल्या नर्ससुद्धा बघायला गोळा झाल्या होत्या. "मान पाण्याखाली घाल!" ती पलंगावरून ओरडत होती. "मान वर राहिली तर ती परत येते!"

हॉस्पिटलमधूनच तिने पेतरला फोन केला. मी शेजारी सफरचंद कापत बसले होते. बोलणं स्लोवाकमध्ये झालं, फार तर दोन मिनिटं. "काय सांगितलंस?" मी विचारलं.

"नाताळाला जेवायला ये म्हटलं."

"आणि बाकीचं?"

"फोनवर नाही," ती म्हणाली. "फोनवर आमच्या घरात पुरेसं झालंय."

चोवीस डिसेंबरला पेतर आला. पन्नाशीचा, उंच, खांदे थोडे वाकलेला माणूस. कोणाच्या घरात पाय ठेवतोय हे ठाऊक नसल्यासारखा दारातच उभा राहिला. जास्तीची प्लेट बघून तो तिच्यापुढे बसायला गेला, तर तेता म्हणाली, "ती अनोळखी माणसाची. तू इकडे." श्टेफानच्या खुर्चीसमोर त्याची वेगळी प्लेट मांडलेली होती. तेता फार वाळली होती, भरतकामाचा ब्लाउज तिला दोन मापांनी मोठा झाला होता, पण लिपस्टिक लावलेली होती आणि मान होती तिथेच होती. त्या संध्याकाळी नेमके ढग आले. तारा दिसेना. सईने शेवटी फोनवरचं आकाशाचं ॲप उघडलं आणि वर धरलं. "तेता, इट्स देअर. जस्ट बिहाइंड द क्लाउड."

मला वाटलं, आता फोनवरून वादळ होणार. तेताने स्क्रीनकडे बघितलं, ढगाकडे बघितलं. "आहे ना? मग आहे," ती म्हणाली. "बसा."

ते जेवण शांतपणे झालं. कोणी उठलं नाही. शेवटी तेताने सफरचंद आडवं कापलं. आत बियांची चांदणी पूर्ण निघाली, म्हणजे सगळ्यांना आरोग्य. मग सुरी खाली ठेवून ती पेतरकडे वळली. आम्हालाही कळावं म्हणून असेल, इंग्रजीत बोलली. "मागच्या वर्षी मी ह्या टेबलावरून उठले होते. सगळ्यांच्या आधी. हे साक्षीदार आहेत. आणि मी इथे बसलेय." ती थांबली. "तुझ्या फोनचा काही दोष नव्हता. त्याचं हृदय थकलं होतं, माझंही थकलंय. मी तुला चुकीचं बोलले. मला माफ कर."

पेतरने नॅपकिन चेहऱ्याला लावला आणि खूप वेळ काढलाच नाही. मिलिंद सुपाच्या रिकाम्या ताटलीत बघत होता. मला रडू आलं, आणि रडताना इतका अभिमान वाटत होता की विचारू नका. नात्याची मी कोणी नव्हे, पण त्या बाईच्या टेबलावर मला जागा होती ह्याचा अभिमान. माणसं आपल्या जुन्या समजुती कधी सोडत नाहीत किंवा सोयीने सोडतात. तेताने आपली समजूत स्वतःच्या जिवावर तपासून घेतली आणि खोटी निघाली तेव्हा सगळ्यांसमोर तसं म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, तेता गेली. तिचं टेबल आता आमच्याकडे आहे. चोवीस डिसेंबरला आम्ही तारा बघून त्या टेबलाशी बसतो, सईच्या कपाळावर मी मधाचा क्रॉस काढते, पेतर पर्थहून येतो आणि जास्तीची प्लेट रिकामी असते. फोन आला तर ज्याला उठायचंय तो उठतो. पण बाकी कोणी कारणाशिवाय उठत नाही, तेवढा तिचा मान आहे.

माझ्या डोळ्यांपुढे ती येते ती मात्र हॉस्पिटलमधली नाही. तिच्या शेवटच्या ईस्टरच्या सोमवारची येते. पेतर त्यासाठी खास विमानाने आला होता. तेता आमच्या लॉनवर सकाळीच येऊन उभी राहिली, ब्लाउज, लिपस्टिक, सगळं जागच्या जागी. मिलिंदने तिच्या हृदयाच्या काळजीने बादलीत गुपचूप गरम पाणी मिसळलं होतं. तिने बोट घालून बघितलं आणि "हे सूप आहे का?" म्हणून बादली परत पाठवली. गार पाणी आलं. पेतरने ती उचलली, आईकडे बघितलं आणि त्याचा हात काही धजेना. त्याने ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि तिच्या खांद्यावर हळूच शिंपडलं.

तेताने खांद्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "मी काय लेट्यूस आहे?"

पेतर हसला. मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. त्याने बादली डोक्याच्या वर उचलली आणि सगळी ओतली. तेता नखशिखान्त भिजली, मान वर करून समोरच्या घराकडे वळली आणि कँटीनच्या आवाजात ओरडली, "ग्रेग! माझा मुलगा आहे! पर्थहून आलाय!" ग्रेगने हात हलवून "गुड ऑन यू, मेट!" म्हटलं.

मग तिने केसांतलं पाणी पिळलं आणि रिकामी बादली पेतरच्या हातात परत दिली.

"ही ह्या वर्षाची झाली," ती म्हणाली. "आता मागच्या राहिल्यात त्या भरून आण."